निरीक्षण वहीतली एक मुलगी

बालवर्गाच्या बाईंची निरीक्षण वही सगळ्या शाळेत नावाजलेली होती. नव्याने लागलेल्या शिक्षिकेला मुख्याध्यापिका आधी ती वही दाखवायच्या आणि मग वर्ग. सव्वीस वर्षांत बाईंनी अशा सव्वीस वह्या भरल्या होत्या. प्रत्येक मुलाला चार पानं. डाव्या पानांवर तक्ता: एका पायावर उभं राहतं, कात्रीने रेघेवर कापतं, आपली पाळी येईपर्यंत थांबतं, मागितल्यावर खेळणं देतं, कोटाची बटणं स्वतः लावतं. जमलं की समोर बरोबरची खूण आणि तारीख. उजवी पानं कोरी, बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला.

"मत लिहू नका, पाहिलेलं लिहा," असं बाई शिकाऊ मुलींना बजावायच्या. "'हट्टी आहे' हे काही निरीक्षण नव्हे. 'लाल गाडी मिळेपर्यंत दाराशी बसून राहिला' हे निरीक्षण."

त्या वर्षी वर्गात चार-चार वर्षांची सत्तावीस मुलं होती. त्यांतली एक पिटू. अंगाने सगळ्यांत लहान, म्हणून घरीच तिला हे नाव पडलं होतं आणि शाळेतही तेच चाललं. सहामाहीच्या सुट्टीत तिला ताप आला. तो डोक्यात गेला. तीन दिवस ती दवाखान्यात होती, चौथ्या दिवशी गेली.

शाळा उघडली तेव्हा बाईंनी मुलांना गोल बसवून सरळ शब्दांत सांगितलं. 'झोपली' असं म्हणायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मुलं मग झोपायलाच घाबरतात. "पिटू खूप आजारी पडली आणि मेली. आता ती शाळेत येणार नाही."

"उद्या?" चष्मेवालीने विचारलं. वर्गात चष्मा तिला एकटीलाच होता.

"उद्याही नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि ठोकळ्यांकडे गेली.

पाच आठवड्यांनी, एका गुरुवारी, दुपारी मुलं झोपलेली असताना पिटूची आई शाळेत आली. बाई तिला ओळखत होत्या, पण चेहऱ्यापुरतं. पिटूला सोडायला आणि न्यायला आजी यायची. आई वर्षात दोनदा पालकसभेला आली होती आणि दोन्ही वेळा मागच्या रांगेत बसून घड्याळ पाहत होती.

बाई बाहेर आल्या आणि दार हळूच लोटून घेतलं. दोघी व्हरांड्यातल्या बुटक्या बाकावर बसल्या.

"तसं काम काही नाही, बाई," आई म्हणाली. "एक मागायचं होतं. द्याच असं नाही, दाखवलंत तरी चालेल."

"बोला ना."

"तुम्ही मुलांचं वहीत लिहिता म्हणे. कोण काय करतं, कसं खेळतं. पिटूचं असेल ना लिहिलेलं?"

बाईंनी मान हलवली.

"मी सकाळी सहाला निघते. तेव्हा ती झोपलेली असायची. घरी येईपर्यंत साडेसात, मग जेवली की झोपली. तिचे बाबा बसवर ड्रायव्हर, त्यांच्या पाळ्या फिरत्या. परवा मनात आलं, तिचे जागेपणीचे तास माझ्यापेक्षा तुमच्याकडेच जास्त गेले." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं तिने ते सांगितलं. "म्हणून म्हटलं, त्या तासांत ती काय करायची ते कळलं तर बरं."

"आहे लिहिलेलं," बाई म्हणाल्या. "पण सगळ्यांची पानं एकाच वहीत आहेत. तिचं नीट उतरवून देते. आठवडाभर चालेल?"

"पुढच्या गुरुवारी सुट्टी आहे माझी. येते तेव्हा."

ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या. दुसऱ्या मुलांची पानं परक्याला दाखवायची नसतात, म्हणून मुदत मागितली, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण ते काही खरं नव्हतं. पिटूचं पान कसं दिसतं, हे वही न उघडताच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं होतं.

शाळा सुटल्यावर त्यांनी वही उघडली. डावीकडच्या तक्त्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा, एकाच शाईने, बहुतेक एकाच बैठकीत केलेल्या. उजवीकडे सहा महिन्यांत तीन ओळी.

शांत बसते.
सांगितलेलं ऐकते.
कुणाशी भांडण नाही.

खाली सगळं कोरं. पुढचं पान कोरं.

शेजारी 'ढोल'चं पान होतं. हा मुलगा पहिले तीन महिने रोज सकाळी असा भोकाड पसरायचा की वरच्या मजल्यावरचे मास्तर खिडकी लावून घ्यायचे. त्याची चारही पानं भरून वर पुरवण्या टाचलेल्या होत्या. चावणाऱ्या जुळ्यांची तीच गत. बाईंनी वही चाळली आणि त्यांच्या लक्षात आलं, जितका त्रास तितकी पानं. सव्वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या की काय? जुन्या वह्या कपाटात होत्या, हाताशीच. त्यांना त्या काढायचा धीर झाला नाही.

झाडलोट करणाऱ्या, मुलांचं हवं-नको बघणाऱ्या मावशी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होत्या.

"मावशी, पिटूचं तुम्हाला काय आठवतं?"

मावशींनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "गुणी होती हो."

"ते झालं. पण काय करायची?"

"काय करणार? गुणी पोरांचं काय लक्षात राहतं, बाई? कुणी सांडलं, कुणी ओकलं, ते राहतं." मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं. "डबा चाटूनपुसून खायची," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खुर्च्यांना लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांना विचारलं. तिथेही त्या चुकल्या. गोल बसवून, सगळ्यांना एकदम. "पिटूची कुणाला काही आठवण आहे का?"

उरलेली सव्वीस मुलं बाईंचं तोंड बघून बोलू लागली. ती छान होती. ती खूप छान होती. तिने मला चॉकलेट दिलं. मला दोन दिली. मला शंभर. जुळ्यांतल्या एकाने सांगितलं की पिटू त्याला चावली, आणि बाह्या वर करून आपल्या भावानेच उठवलेला वळ दाखवला. बाईंना हसू आलं. या वयाची मुलं समोरच्याला हवं ते सांगतात, हे त्या शिकाऊ मुलींना दर वर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवायच्या.

रविवारी संध्याकाळी त्या जेवणाच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसल्या आणि लिहायला लागल्या. लिहिण्याचा हात होताच. पिटू खिडकीतल्या कुंडीला रोज पाणी घालायची. कुणी पडलं की धावत जायची. गाणं सुरू झालं की डोळे मिटून डोलायची. पान भरलं, दुसरं अर्धं झालं. वाचताना कुणालाही खरं वाटेल असं ते होतं. एका आईला त्यापेक्षा जास्त काय हवं असतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला. तो मोजणी खात्यातून निवृत्त झालेला, मोजक्या बोलण्याचा माणूस.

"छान लिहिलंयस. कुणाबद्दल आहे?"

"वर्गातली एक मुलगी."

"हं. कुठल्याही मुलीला लागू पडेल," तो म्हणाला. त्याला बापड्याला ती स्तुतीच वाटत होती.

बाईंनी कागद परत घेतला, चार तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले.

सोमवारी त्यांनी वर्ग त्या वर्षीच्या शिकाऊ मुलीच्या हाती दिला आणि स्वतः कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसल्या. हातात पेन्सिल, मांडीवर कागद, तोंड बंद. अशा त्या कित्येक वर्षांत बसल्या नव्हत्या. आपण काय शोधतोय हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. जी मुलगी वर्गात नाही तिचं निरीक्षण कसं करणार? तरी त्या बसल्या. सोमवार गेला. मंगळवारी दुपारी मुलं झोपून उठली, आणि रोजचा गोंधळ सुरू झाला.

शाळेचा करडा कोट होता, पुढे चार मोठी बटणं. झोपताना तो काढून खुंटीला लावायचा, उठल्यावर घालायचा आणि मग अंगणात जायचं. सुट्टीनंतर या कामाला अर्धा अर्धा तास लागायला लागला होता. मावशी कुरकुरत होत्या की सगळ्यांची बटणं त्यांनाच लावावी लागतात. बाईंनी त्यावर फारसा विचार केला नव्हता. सुट्टीत मुलं विसरतात, थंडीत बोटं आखडतात, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

आता कोपऱ्यातून त्यांना दिसलं की चष्मेवाली कोट घालून हात धुवायच्या नळाजवळ भिंतीला पाठ टेकून उभी आहे. कोट उघडा, पोट पुढे. ती बटणांना हातही लावत नव्हती. नुसती उभी होती. थोड्या वेळाने ढोल येऊन तिच्यामागे उभा राहिला, तसाच, उघड्या कोटाने. मग आणखी एक मुलगा. छोटीशी रांगच झाली.

बाई उठल्या, तिच्याजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. "इथे का उभी आहेस गं?"

"बटणं लावायला."

"मग लाव की."

चष्मेवालीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू या मोठ्या माणसांना काही म्हणजे काही कळत नाही. "मी नाही लावत. ती लावते."

"कोण ती?"

"पिटू. इथे लावते." तिने बुटाने फरशी दाखवली. मग तिला काहीतरी आठवलं. "पण ती आता येणार नाही ना," ती म्हणाली, आणि कोटाच्या दोन्ही कडा हातांनी एकत्र धरून तशीच अंगणात निघून गेली. ढोल मात्र जागचा हलला नाही. मावशींनी येऊन त्याची बटणं लावली तेव्हाच तो गेला.

बाई वर्गात येऊन बसल्या आणि त्यांनी वहीतली एकच ओळ सगळ्यांच्या तक्त्यात पाहिली. कोटाची बटणं स्वतः लावतो. स्वतः लावते. बरोबर, बरोबर, बरोबर. त्याच दुपारी त्यांनी एकेकाला जवळ बसवून पाहिलं. सात मुलांची ती खूण खोटी निघाली. अंगणात आलेल्या मुलाची बटणं लागलेली दिसली की त्या खूण करत आल्या होत्या. लावणारे हात कुणाचे, हे पाहायला त्या कधी नळापर्यंत गेल्याच नव्हत्या.

सातही मुलांच्या प्रगतीची पत्रकं घरी जाऊन पोचली होती. बाईंनी मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितलं.

"बटणांचं काय एवढं, बाई? आज ना उद्या शिकतीलच," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"शिकतील हो. पण मी न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलंय." त्यांनी सात घरी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या पाठवल्या. ढोलचे वडील दुसऱ्याच सकाळी तणतणत आले, आमचा मुलगा मागे पडला का म्हणून विचारायला. बाईंनी त्यांचंही ऐकून घेतलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्या वही घेऊन पुन्हा बसल्या. या वेळी पिटूचं पान त्यांनी उघडलं नाही. बाकीच्या सव्वीस मुलांची पानं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. ढोलच्या दुसऱ्या पानावर त्या थांबल्या. 'आज आई गेल्यावर रडला नाही. शेजारच्या मुलीने त्याची टोपी स्वतःच्या डोक्यावर नाकापर्यंत ओढून घेतली, तो हसला.' पुढे जुळ्यांच्या पानावर: 'निळ्या बादलीवरून ओढाताण. एका लहानखुऱ्या मुलीने येऊन बादलीत दोन्ही पाय घातले व उभी राहिली. दोघे बादली सोडून बघत राहिले.' शेजारची मुलगी. एक मुलगी. दुसरी एक मुलगी. नाव कुठेच नाही, कारण त्या वेळी पाहायचं होतं ते ढोलकडे, जुळ्यांकडे.

अशी 'एक मुलगी' एकोणीस ठिकाणी सापडली. बाईंनी हजेरीपट काढला. दोन तारखांना पिटू गैरहजर होती, त्या दोन नोंदी गळल्या. चार ठिकाणी लांब वेण्यांचा उल्लेख होता आणि पिटूचे केस कानापर्यंत कापलेले, त्याही गेल्या. वर्षाच्या सुरुवातीचा बसण्याचा आराखडा भिंतीवर होता, त्यावरून आणि कुठे कुठे लिहिलेल्या अंगकाठीवरून त्यांनी बाकीच्या नोंदी पडताळल्या. चार नोंदींचं काही सांगता येईना. नऊ नोंदी नक्की पिटूच्या होत्या. त्या नऊ त्यांनी बाकी मुलांची नावं न घालता तारखेसकट स्वच्छ अक्षरात उतरवल्या, आणि खाली दहावी लिहिली, नळाजवळची.

गुरुवारी पिटूची आई ठरल्या वेळी आली. व्हरांड्यातल्या त्याच बाकावर दोघी बसल्या. कागद देण्याआधी बाई म्हणाल्या, "तुम्हाला आधी एक सांगायचंय. पिटूच्या स्वतःच्या पानावर तीनच ओळी आहेत."

"तीनच?"

"तीनच. शांत बसते, ऐकते, भांडत नाही. ती त्रास देत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे पाहिलंच नाही. चूक माझी आहे."

आईने पिशवी मांडीवर ओढून घेतली. आता ती उठून जाईल, असं बाईंना वाटलं. जाण्याचा तिला हक्क होता.

"घरीही तसंच होतं, बाई," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांना सांगायचो, हिचं काही करावं लागत नाही. कौतुकाने सांगायचो."

मग बाईंनी तिला कागद दिला आणि ही 'एक मुलगी' कुठे कुठे आणि कशी सापडली ते सगळं सांगितलं. आई एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. बादलीशी तिचं बोट थांबलं. "पाय घातले?"

"दोन्ही. बुटांसकट."

पुढची नोंद चष्म्याची होती. हरवलेला चष्मा एका मुलीने शोधून दिला, आणि पुढे कंसात बाईंनी तेव्हाच लिहिलं होतं: तिनेच लपवला असावा.

"लपवला होता?"

"असावा, एवढंच लिहिलंय. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हरवला, आणि पुन्हा हिलाच सापडला."

आईच्या तोंडावर हसू आलं, आणि ते जायच्या आतच डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. "लबाड होती म्हणजे," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं." सगळ्यांत जास्त तीच ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली.

शेवटी नळाजवळची नोंद आली. ती वाचून तिने कागद मांडीवर ठेवला.

"मी शर्टांच्या कारखान्यात काजं करते, बाई. दिवसभर तेच. वाया गेलेल्या पट्ट्या घरी आणायचे मी, एक काजांची, एक बटणांची. सुट्टीच्या दिवशी मी स्वयंपाक करायचे आणि ती ओट्याखाली बसून बटणं घालायची, काढायची, घालायची. मला वाटायचं, बिचारीला दुसरं खेळणं नाही." तिने कागद पुन्हा उचलला. "किती जणांची लावायची?"

"सात जणांची तरी. रोज."

"सात," ती म्हणाली.

आत मुलं जागी व्हायला लागली होती. कुणीतरी खोकलं, कुणीतरी मावशींना हाक मारली. आईने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, पण ती उठली नाही.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"ती मला बोलवायची का कधी? म्हणजे दिवसा. आई पाहिजे म्हणून रडायची का?"

बाईंनी सगळी पानं वाचली होती. पहिल्या महिन्यात कोण कोण आईसाठी रडलं, त्याची वेगळी यादीच होती. अकरा नावं होती त्यात. "नाही," त्या म्हणाल्या. "तसं कुठेच लिहिलेलं नाही. ती रडली असती तर मी लिहिलं असतं. रडणाऱ्याचं मी लिहितेच."

आई खाली बघून तळहातावरून अंगठा फिरवत राहिली. आपण बोललो ते तिला लागलं की तिला त्याने बरं वाटलं, हे बाईंना ओळखता येईना, आणि या वेळी त्यांनी तर्कही केला नाही.

"म्हणजे रमली होती," आई म्हणाली.

तिने पदर सावरला, पायऱ्या उतरली आणि फाटकाची कडी काढून बाहेर गेली. बाई आत वर्गात आल्या. मुलं अंथरुणांच्या घड्या घालत होती, काहींच्या जमत होत्या, काहींच्या नाही. त्यांनी खुर्ची नळाच्या बाजूला ओढून घेतली आणि मुलं उठून कोटांकडे जाईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.